काउंटरवरचा नवा माणूस आणि विक्रेत्याचा डेमो: नांदेड-लातूरमधील सॉफ्टवेअर खरेदीचा आढावा

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत गेल्या दोन-अडीच दशकांत संगणक प्रणाली विकत घेणाऱ्यांचे वर्तुळ सरकारी कचेऱ्या आणि बँकांपुरते उरलेले नाही. तालुक्याच्या गावची पतसंस्था, मोंढ्यातील अडत दुकान, डाळमिल, शिकवणी वर्ग, कनिष्ठ महाविद्यालय आणि खासगी रुग्णालय या साऱ्यांना आता हिशेबासाठी, प्रवेशासाठी किंवा नोंदींसाठी सॉफ्टवेअर लागते, आणि ते घेण्याचा निर्णय बहुधा एकाच बैठकीत होतो. विक्रेत्याचा प्रतिनिधी लॅपटॉप घेऊन येतो, संचालक किंवा मालक समोर बसतात, तासाभरात पडद्यावर सगळे झरझर दाखवले जाते, दर सांगितला जातो आणि घासाघीस होऊन विषय संपतो. या दाखवण्याला सर्वत्र ‘डेमो’ म्हणतात. डेमो पाहून प्रणालीची पारख कितपत होऊ शकते, आणि विशेषतः ज्या कर्मचाऱ्याला ती रोज चालवायची आहे त्याचा हात तिच्यावर किती दिवसांत बसेल हे त्यातून कळते काय, हा या आढाव्याचा विषय आहे.

यातील दुसऱ्या प्रश्नाला संगणक व्यवसायात ‘ऑनबोर्डिंग’ म्हणतात. नवा वापरकर्ता प्रथम प्रणालीत शिरल्यापासून तो स्वतःचे रोजचे काम कोणालाही न विचारता करू लागेपर्यंतचा जो प्रवास असतो, तो सुकर करण्यासाठी केलेली सारी व्यवस्था या संज्ञेत येते: पहिल्या दिवशीचे प्रशिक्षण, पडद्यावरच्या सूचना, मराठीतील माहितीपुस्तिका, चुकीची नोंद झाल्यावर मिळणारा इशारा आणि अडल्यावर फोन उचलणारा माणूस. ही व्यवस्था पुरवण्यासाठीच स्वतंत्र सॉफ्टवेअरही निघाले आहे. २०११ मध्ये स्थापन झालेली आणि २०२४ मध्ये ‘सॅप’ या जर्मन कंपनीने विकत घेतलेली ‘वॉकमी’, किंवा बेंगळुरूची ‘व्हॉटफिक्स’, या कंपन्यांची उत्पादने दुसऱ्या एखाद्या प्रणालीवर पारदर्शक थरासारखी बसतात आणि वापरणाऱ्याला ‘आता येथे क्लिक करा, आता ही रक्कम भरा’ असे पायरीपायरीने सांगत नेतात. हजारो कर्मचाऱ्यांच्या उद्योगांना अशा उत्पादनाचा खर्च परवडतो. पाच-सात कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेला तो परवडण्याचे कारण नाही आणि तशी गरजही नाही. मात्र त्या उत्पादनांमागे जी जाणीव आहे, म्हणजे सॉफ्टवेअरची खरी किंमत ते शिकण्याच्या श्रमात मोजावी लागते ही जाणीव, ती लहान संस्थेलाच अधिक लागू पडते.

मराठवाड्यातील संस्थांत संगणक चालवणारी माणसे नाहीत, असे आता म्हणता येत नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्यानंतर एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्यातालुक्यांत पोचल्याने प्राथमिक संगणक साक्षरता सर्वदूर पसरली. परंतु त्या अभ्यासक्रमात शिकलेले टंकलेखन आणि तक्ते आखणे निराळे, आणि रोजकीर्द, खतावणी, तेरीज यांची सांगड घालणाऱ्या प्रणालीत दिवसाला शेकडो नोंदी बिनचूक करणे निराळे. शिवाय बेताच्या पगारावर काम करणारा लिपिक चांगली नोकरी मिळताच जातो आणि त्याच्या जागी नवा येतो. त्यामुळे अशा संस्थेत शिकवण्याचे काम खरेदीच्या वेळी एकदाच करून संपत नाही, ते दरवर्षी नव्याने करावे लागते. डेमो पाहणाऱ्या संचालकांच्या मनात हा नवा लिपिक सहसा नसतो, आणि खरेदी चुकण्याचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

डेमोच्या स्वरूपातच काही मर्यादा आहेत, आणि त्यासाठी विक्रेत्याच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. माउस त्याच्या हातात असतो, पडद्यावरचा मार्ग त्याच्या सरावाचा असतो आणि त्यातील माहिती त्याने स्वतः भरलेली, नीटनेटकी आणि थोडी असते. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा किंवा तुरीचा सौदा होताना खरेदीदार ढिगात स्वतःचा हात घालून, ओलावा आणि माती पाहून बोली लावतो. विकणाऱ्याने वेगळ्या पिशवीत निवडून आणलेल्या दाण्यांवर तो सबंध ढिगाचा भाव ठरवत नाही. सॉफ्टवेअरच्या डेमोत मात्र विक्रेत्याने निवडलेला नमुनाच पाहिला जातो. म्हणून डेमोचे मूल्यमापन करण्याची पहिली अट अशी की नमुना खरेदीदाराचा असावा. संस्थेने आपल्याच दप्तरातील एका दिवसाचे व्यवहार, सभासदांची नावे आणि ओळख झाकून, आधी कागदावर काढून ठेवावेत आणि विक्रेत्याला तेच व्यवहार समोर बसून भरायला सांगावे.

असे केल्याने काय उघडकीस येते, हे नावांच्या रकान्यावरून चांगले दिसते. बहुतेक प्रणालींत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात, आणि पुण्या-मुंबईत तयार झालेल्या डेमोत ते सहज भरतात. नांदेड-लातूरच्या नोंदवहीत मात्र बालाजी आणि गंगाधर ही नावे इतकी आहेत की एकाच गावात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखे असलेले दोन सभासद निघणे नवलाचे नाही. मन्मथअप्पा स्वामी यांसारखी नावे आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात तेलुगू वळणाची आणि उदगीर, निलंगा, देवणीकडे कन्नड वळणाची नावे आहेत. आणि मुस्लिम सभासदांच्या नावांत तर आडनावाचा रकाना कोणत्या शब्दाने भरावा याचा निर्णय प्रत्येक लिपिक आपापल्या परीने घेतो. आधार कार्डावर इंग्रजी अक्षरांत एक, सातबाऱ्यावर दुसरे आणि संस्थेच्या वहीत तिसरे, अशी एकाच माणसाची तीन नावे असतात. ‘व्यंकट’ असे टंकित केल्यावर ‘वेंकट’ आणि ‘वेंकटराव’ या नोंदीही शोधात येतात काय, सारख्या नावाचा दुसरा सभासद असल्यास प्रणाली थांबून विचारते काय, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. नवा लिपिक चुकीच्या खात्यावर रक्कम जमा करतो ती बहुधा याच ठिकाणी, आणि ही चूक टाळण्याची सोय ज्या प्रणालीत आहे तिने ऑनबोर्डिंगचे अर्धे काम केले असे समजावे.

मराठी लिपीचा प्रश्न याला जोडूनच येतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांच्या खासगी संकेतांत साठवला जाई, आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याची निरर्थक इंग्रजी चिन्हे होत. जुन्या प्रणालींतील माहिती आजही काही ठिकाणी तशीच पडून आहे. त्यामुळे डेमोत पडद्यावर मराठी दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. ‘ऱ्ह’, ‘ज्ञ’, ‘श्र’, ‘ळ’ असलेले शब्द पासबुकाच्या छपाईत न मोडता उमटतात काय, सभासदांची यादी मराठी वर्णक्रमाने लागते काय, आणि तीच यादी बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडल्यास वाचता येते काय, हे तिन्ही तेथेच करून पाहावे. इशारे आणि चुकांचे संदेश इंग्रजीतच असतील, तर नवा कर्मचारी ते न वाचता ‘ओके’ दाबायला शिकतो, आणि एकदा लागलेली ही सवय पुढे कोणत्याही प्रशिक्षणाने सुटत नाही.

हिशेबाच्या नियमांची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आणि डेमोत सर्वांत कमी घेतली जाणारी आहे. गावची विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी पीक कर्ज देते, आणि तीन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याजाचा भार पडत नाही. मग एकाच रकमेची दोन कर्जे घेऊन, एकाची फेड ३० मार्चला आणि दुसऱ्याची मुदत उलटल्यानंतर दाखवली, तर प्रणाली दोहोंवर कोणते व्याज लावते, आणि सवलतीची रक्कम शासनाकडून येणे म्हणून वेगळी धरते की नाही, हे तत्काळ दिसते. पतसंस्थेच्या बाबतीत मुदतीपूर्वी बंद केलेले पिग्मी खाते हा असाच उपयुक्त नमुना ठरतो: एजंटाने रोज गोळा केलेल्या लहान रकमा, मुदतीपूर्वी बंद केल्यामुळे कमी झालेले किंवा न मिळणारे व्याज, एजंटाचे कमिशन आणि त्या खात्याच्या तारणावर दिलेले कर्ज, या चार गोष्टी एकत्र आल्या की विक्रेत्याचे सराईत बोटही थबकते. ते थबकले म्हणून प्रणाली वाईट असे नव्हे. थबकल्यानंतर तो ‘हे आम्ही नंतर करून देऊ’ म्हणतो, की त्याच वेळी मार्ग काढून दाखवतो, यावर पुढील वर्षांचा अनुभव बराचसा अवलंबून असतो.

चूक दुरुस्त करण्याची रीतही पाहायला हवी. सकाळी चुकून पाच हजारांऐवजी पन्नास हजार जमा झाले आणि दिवसअखेर रोख जुळेना, तर लिपिकाने काय करायचे? काही प्रणालींत नोंद थेट पुसता येते. नवशिक्याला ही रीत सोपी वाटते, पण लेखापरीक्षकासाठी ती घातक असते. काही प्रणालींत उलट नोंद करावी लागते आणि जुनी नोंद, ती करणाऱ्याचे नाव व वेळ यांसह कायम राहते. यालाच ‘ऑडिट ट्रेल’ म्हणतात. कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद ठेवणे बंधनकारक झाले आहे. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार होते, आणि पतसंस्थेतील ठेवींना बँकांप्रमाणे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसल्याने ठेवीदाराचा सारा भरवसा संस्थेच्या दप्तरावरच असतो; तेव्हा या संस्थांनी कंपन्यांहून ढिले राहण्याला काहीही समर्थन नाही. त्याच ओघात वीज गेल्यावर किंवा इंटरनेट तुटल्यावर अर्धवट राहिलेल्या नोंदीचे काय होते, हेही विचारण्यापेक्षा करून पाहावे, म्हणजे विक्रेत्याच्या संमतीने डेमो चालू असताना जोडणी काढून पाहावी.

इथपर्यंतची परीक्षा प्रणालीची झाली. माणसाची परीक्षा, किंवा अधिक नेमके म्हणायचे तर माणूस आणि प्रणाली यांच्या जोडीची परीक्षा, वेगळी घ्यावी लागते. विक्रेत्याचा डेमो संपल्यावर संस्थेतील सर्वांत नव्या कर्मचाऱ्याला खुर्चीवर बसवून सभासद नोंदणी, एक भरणा, एक उचल आणि दिवसअखेरीची जुळवणी अशी कामे द्यावीत, विक्रेत्याने या वेळी गप्प बसावे, आणि कर्मचारी कोठे अडतो, कोणता शब्द त्याला उमगत नाही, कोणत्या पडद्यावर तो मागे-पुढे करत राहतो, हे मॅनेजरने लिहून ठेवावे. त्याच कर्मचाऱ्याने काही दिवसांच्या खंडानंतर तीच कामे पुन्हा केली तर शिकलेले किती टिकले तेही समजते. मोठ्या कंपन्या याच रीतीने प्रणाली पारखतात आणि त्याला ‘वापरसुलभता चाचणी’ म्हणतात. लहान संस्थेला त्यासाठी कोणताही खर्च नाही. तरीही डेमोच्या बैठकीला अध्यक्ष, सचिव, कधी कधी एखाद्या संचालकांचे इंजिनिअर चिरंजीव उपस्थित असतात आणि लिपिक चहा-पाण्याच्या व्यवस्थेत असतो, ही आपल्याकडची रीत बदलल्याखेरीज डेमोचे कोणतेही तंत्र कामी येणार नाही. ज्याला वापरायचे आहे त्याचे मत शेवटी नव्हे, पहिल्यांदा घेतले पाहिजे.

डेमोपलीकडे जाण्याचे मार्ग कमी-अधिक प्रमाणात सर्वत्र उपलब्ध आहेत. ‘चाचणी वापर’, म्हणजे ठरावीक काळ किंवा ठरावीक मर्यादेत विनामूल्य वापर, हा त्यातील पहिला. व्यापाऱ्यांच्या परिचयाच्या टॅलीत परवाना न घेता शैक्षणिक स्वरूपात काम करता येते, परंतु त्यात महिन्यातील १, २ आणि ३१ या तारखांच्याच नोंदी करता येतात. शिकायला ते पुरेसे आहे, अडत दुकानाचा हंगामातील एक सबंध आठवडा तपासायला नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयांची स्थिती याहून बरी आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘सोल’, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ आणि २००० मध्ये न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयात प्रथम वापरात आलेले मुक्त सॉफ्टवेअर ‘कोहा’ असे तीन पर्याय ग्रंथपालासमोर असतात. कोहा कोणालाही उतरवून घेता येत असल्याने तेथे विक्रेत्याच्या डेमोची वाट पाहावी लागत नाही. जुन्या संगणकावर ते बसवून दोनशे पुस्तके प्रत्यक्ष नोंदवता येतात. मात्र मुक्त सॉफ्टवेअरमध्ये परवान्याचे पैसे वाचतात तेथेच ते बसवणाऱ्या, सांभाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसाचा खर्च उभा राहतो, आणि असा माणूस नांदेडला मिळाला तरी किनवट-माहूरला मिळेलच असे नाही. खरेदीच्या तुलनेत हा खर्च मांडला नाही तर तुलना खोटी ठरते.

दुसरा मार्ग समांतर वापराचा, म्हणजे काही काळ जुनी वही आणि नवी प्रणाली दोन्ही चालवून रोज संध्याकाळी आकडे जुळवण्याचा. हा कंटाळवाणा आणि दुप्पट श्रमाचा असल्याने संस्था तो टाळतात, पण जुनी माहिती नव्या प्रणालीत आणताना होणाऱ्या चुका शोधण्याचा याहून खात्रीचा उपाय अद्याप सापडलेला नाही. महाराष्ट्राच्या महसूल खात्याने सातबारा संगणकीकृत करताना हस्तलिखित आणि संगणकीय उतारे ताडून पाहण्याचे काम तलाठ्यांकडून करून घेतले आणि २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम राबवून उतारे गावकऱ्यांसमोर वाचायला लावले. ज्याची जमीन त्यानेच नोंद तपासावी, हा त्यामागचा विचार होता. पतसंस्थेनेही नव्या प्रणालीतील शिल्लक सभासदांच्या पासबुकाशी ताडण्यासाठी असाच उघड मार्ग स्वीकारायला हरकत नसावी.

जेथे निवड संस्थेच्या हातातच नसते तेथे प्रश्नाचे रूप पालटते. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजेच गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजूर केली. सुरुवातीच्या आराखड्यात ६३,००० कार्यरत संस्था आणि २,५१६ कोटी रुपये खर्च धरला होता, आणि देशभर एकच सामाईक सॉफ्टवेअर नाबार्डच्या देखरेखीखाली देण्याचे ठरले. यंत्रसामग्री, जुन्या नोंदींचे डिजिटायझेशन, देखभाल आणि प्रशिक्षण हे सारे त्याच योजनेत येते. त्यामुळे लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातील, सोसायट्यांचे दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवाला कोणत्याही विक्रेत्याचा डेमो पाहून होकार-नकार द्यायचा नसतो. प्रणाली येणार हे ठरलेलेच असते. त्याच्यासाठी ऑनबोर्डिंग हाच एकमेव प्रश्न उरतो, आणि एका सचिवाकडे अनेक सोसायट्या असल्याने तो अधिकच बिकट होतो. कर्ज मर्यादा पत्रके, सभासदांच्या नोंदवह्या आणि वर्षानुवर्षांची थकबाकी प्रणालीत आणताना त्याच्या शेजारी बसणारा माणूस किती दिवस उपलब्ध राहतो, यावर या योजनेचे गावपातळीवरील यश ठरेल. एकाच सॉफ्टवेअरचा एक मोठा लाभ मात्र मान्य केला पाहिजे: एका सोसायटीत शिकलेला माणूस दुसरीत पहिल्या दिवसापासून काम करू शकतो.

निविदा काढून खरेदी करणाऱ्या विद्यापीठांत, महापालिकांत व शासकीय संस्थांत सादरीकरणाला गुण देण्याची पद्धत आहे. तांत्रिक गुण आणि दर यांना आधी ठरवलेले भार देऊन एकत्र क्रमवारी लावणे, हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. दोष राहतो तो सादरीकरणाच्या गुणांत, कारण ते सादर करणाऱ्याच्या वाक्चातुर्याला मिळण्याची शक्यता असते. निविदेतच दहा-बारा प्रत्यक्ष कामांची यादी छापून, प्रत्येक विक्रेत्याने तीच कामे त्याच क्रमाने करून दाखवावीत आणि प्रत्येक कामाला ठरलेले गुण मिळावेत, अशी अट घातली तर सर्व विक्रेते एका रेषेवर येतात आणि निर्णयाविरुद्ध तक्रार झाल्यास समितीलाही कागदोपत्री आधार राहतो.

शेवटचा विषय कराराचा. डेमोत तोंडी दिलेली आश्वासने, उदाहरणार्थ ‘वर्षभर माणूस पाठवू’, ‘मराठी अहवाल करून देऊ’, ‘एसएमएस मोफत’, ही लेखी करारात उतरली नाहीत तर पुढे वाद झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाहीत. लेखी कराराच्या अटींना छेद देणारा तोंडी पुरावा सामान्यतः ग्राह्य न धरण्याचे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ९१ व ९२ मधील तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ९४ व ९५ मध्ये कायम आहे. म्हणून डेमोच्या वेळी एकाने प्रत्येक आश्वासन लिहून घ्यावे आणि तो कागद कराराला परिशिष्ट म्हणून जोडावा. त्यात वार्षिक देखभालीचा दर किती वर्षे स्थिर राहील, नव्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण दरवर्षी किती वेळा आणि कोठे होईल, आणि संस्था दुसरीकडे गेल्यास सभासदांची सर्व माहिती वाचता येईल अशा स्वरूपात किती दिवसांत परत मिळेल, हे तीन मुद्दे असलेच पाहिजेत. डेमोसाठी खऱ्या सभासदांची माहिती विक्रेत्याच्या लॅपटॉपवर ठेवू देऊ नये, कारण डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने त्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे.

नांदेड-लातूरमधील पतसंस्थांच्या संचालक मंडळांना यातून एक विनंती करावीशी वाटते. सॉफ्टवेअर खरेदीच्या ठरावात विक्रेत्याचे नाव आणि दर लिहिले जातातच; त्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात: संस्थेच्या कोणत्या कर्मचाऱ्याने ही प्रणाली स्वतः चालवून पाहिली, आणि तो कोठे अडला. या ओळी लिहिता येत नसतील, तर तो ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवावा.